दस्तक, वेताळ आणि किल्लारी

१९९३च्या ऑगस्टमध्ये झी टीव्हीवर ‘द झी हॉरर शो’ सुरू झाला. पहिली कथा होती ‘दस्तक’. तिच्यात पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग होते. पंकज धीर म्हणजे ‘महाभारता’तला कर्ण. तीनच वर्षांपूर्वी त्याच्या रथाचे चाक रुतताना पाहून घरोघरच्या आज्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. तोच चेहरा आता भुताच्या गोष्टीत दिसू लागला. दर आठवड्याला रात्री उशिरा अर्धा तास, आणि एकेक कथा काही आठवडे चालणारी. ‘दस्तक’नंतर ‘साया’, ‘ताबीज’ अशी रांग लागली. हिंदी टीव्हीवरच्या भयकथांचा पहिला मोठा हंगाम तो हाच.

दोन महिने पुरते उलटले नव्हते, तोच ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूरकडच्या किल्लारीची जमीन हादरली.

ही दोन नावे शेजारी लिहिताना संकोच वाटतो. एक करमणूक, दुसरी जन्माची जखम. दोहोंत कार्यकारण काडीचे नाही. तरीही लातूर-नांदेडकडच्या माणसाच्या भयाचा इतिहास लिहायचा, तर हा मोसम टाळून पुढे जाता येत नाही. भीतीला गोष्टीत बसवण्याची विद्या या प्रदेशाकडे फार जुनी आहे, आणि त्या विद्येतला सर्वांत मोलाचा भाग टीव्हीने नेमका कुठे सोडून दिला, हे या मोसमात लख्ख दिसते.

त्यासाठी आधी पैठणला, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानाला जायला हवे. नांदेडच्या घाटांना लागणारे गोदावरीचे पाणी वरून, प्रतिष्ठानावरून येते. सातवाहनांच्या त्या राजधानीत गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे. राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवता येणार नाही, ही पैज तो हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषा त्याने सोडल्या. मग रानात जाऊन पैशाचीत, म्हणजे पिशाचांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोलीत, त्याने ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा आणि ते रक्त पाहून ग्रंथ झिडकारला. तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि आगीत टाकले. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळाले. राजाला उपरती झाली तेव्हा एक लाखच हाती लागले.

मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याची काश्मिरी परंपरेतली रूपे उरली; अकराव्या शतकातला सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. त्या गुणाढ्याच्या मूळ रचनेत होत्या की नंतर शिरल्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एका धाग्यात ओवलेल्या भयकथांचा आपल्याकडचा साचा तिथे पक्का झाला, हे नक्की.

त्या साच्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. रात्र, स्मशान, झाडाला लटकलेले प्रेत. राजा ते खांद्यावर घेतो आणि प्रेतातला वेताळ गोष्ट सांगू लागतो. गोष्ट संपली की प्रश्न. देवीपुढे दोघांनी आपापली मुंडकी वाहिली. देवीने वर दिला, पण गडबडीत बाईने नवऱ्याचे शिर दुसऱ्याच्या धडावर आणि दुसऱ्याचे नवऱ्याच्या धडावर बसवले. आता तिचा नवरा कोणता? उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर वेताळ निसटून पुन्हा झाडावर. म्हणजे गोष्ट भयाने सुरू होते आणि निवाड्यावर येऊन ठेपते. ऐकणाऱ्याला नुसते घाबरून भागत नाही, त्याला विचार करावा लागतो. आपल्याकडे गावोगावच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ राखणदार म्हणून बसवलेला आहे, तोही मला याच कुळातला वाटतो. तो भय घालतो, पण भल्याच्या बाजूने.

१९८५ साली रामानंद सागरांनी ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर आणली, तेव्हा हा साचा शाबूत होता. विक्रम अरुण गोविल, बेताल सज्जन. आठवड्याला एक गोष्ट, शेवटी एक प्रश्न. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली होती. मराठवाड्याच्या गावागावांत एखाद्या घरावर काठीला बांधलेला अँटेना दिसू लागला होता. चित्राला मुंग्या आल्या की एक पोरगा माळवदावर चढून काठी फिरवी आणि खालून बाकीचे “आलं, आलं, गेलं” असे ओरडत. त्या ओसरीवर वेताळ आला तो पाहुण्यासारखा नाही, ओळखीच्यासारखा आला.

‘द झी हॉरर शो’ करणाऱ्या रामसे बंधूंची वाट निराळी. त्यांचे वडील फत्तेचंद रामसिंघानी हे कराचीचे. तिथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटले आणि पुढे सिनेमात पडले. सात मुलगे: कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू, किरण. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नाही, पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटरात लोक जागचे उठत होते, हे मुलांनी हेरले. म्हणून दोन वर्षांनी ‘दो गज जमीन के नीचे’. सारे कुटुंब महाबळेश्वरला गेले. कॅमेरा घरचा, ध्वनी घरचा, संकलन घरचे, स्वयंपाकसुद्धा घरच्या बायकांचा. पुढे मुरूडच्या नवाबी राजवाड्याच्या ओस दालनांत त्यांचा कॅमेरा फिरला. १९८४च्या ‘पुराना मंदिर’ने अमाप धंदा केला. त्यातला सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे खरे तर इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहरेपट्टी पाहून रामसेंनी त्यांना उचलले. गणपतीत किंवा लग्नाच्या मांडवात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर लावण्याचे ते दिवस. मधल्या पिक्चरला, मुले पेंगू लागली की, रामसेंची कॅसेट चढायची.

नव्वदीच्या सुरुवातीला या सिनेमांचा बहर ओसरला. नेमका त्याच वेळी, ऑक्टोबर १९९२मध्ये, झी टीव्ही सुरू झाला. भारतातून खासगी वाहिनीला उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवायची मुभा नव्हती, म्हणून टेपा विमानाने हाँगकाँगला जात आणि तिथून प्रक्षेपण होई. तुलसी आणि श्याम रामसेंनी आपला सारा सरंजाम या नव्या दारात आणला. धूर, दिवट्या, करकरणारी दारे, पांढरी साडी, तळघर, सगळे तेच. सिनेमाला लागणारी गाणी आणि विनोदी उपकथानके मात्र गळून पडली, आणि त्यामुळे गोष्ट अधिक टोकदार झाली. आठवडाभर जीव टांगणीला लावून ठेवायची कला त्यांना बरोबर सापडली. त्यांच्या कसबाविषयी मला मनापासून आदर आहे. थोडक्या पैशांत, घरच्या माणसांनिशी त्यांनी एक अख्खा प्रकार उभा केला, आणि समीक्षकांनी त्यांना जन्मभर नाके मुरडली, हे अन्यायाचेच झाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडून दिली. वेताळाचा प्रश्न. प्रेत राहिले, स्मशान राहिले, शेवटी प्रश्न उरला नाही. शाप होता, त्याचा उतारा होता, त्रिशूळ किंवा ताबीज होते. गोष्ट संपली की पाहणाऱ्याने उशी डोक्यावर ओढायची, बस्स.

झी तेव्हा शहरांतल्या केबलवर होता. लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या वायरी लोंबू लागल्या तो हाच काळ. खेड्यात टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. पण भयासाठी खेड्याला हाँगकाँगची गरज नव्हती. लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि पलीकडे बीदरच्या पट्ट्यात भानामतीचे राज्य होते.

कोकणात भुते आडावर, पाणंदीत, पिंपळावर असतात. आमच्याकडची भानामती घरात असते. कोठीत ठेवलेल्या कपड्यांना आपोआप आग लागते. भरल्या ताटात घाण पडते. पत्र्यावर दगड येतात. सुनेच्या दंडावर, पाठीवर काळ्या फुल्या उमटतात. एखादी बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते, तिचे ऐकून गल्लीतली दुसरी भुंकते. मग “बाहेरचं झालंय”, “करणी केलीय” अशी कुजबुज सुरू होते. देवऋषी येतो, लिंबू कापतो आणि भावकीतल्या किंवा शेजारच्या कुणाचे तरी नाव घेतो. तिथून पुढे ते घर गावातून उठते, कधी माणूस जिवानिशी जातो. गाणगापूरला आरतीच्या वेळी खांबांवर चढून किंचाळणाऱ्यांत आणि सैलानीच्या यात्रेत साखळदंडांनिशी आणलेल्यांत मराठवाड्याची माणसे नेहमीच मोठ्या संख्येने दिसत आली आहेत.

१९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी अशा घरांत जाऊन बसू लागले. त्यांची पद्धत साधी होती. घरातल्या प्रत्येकाशी वेगळे, निवांत बोलायचे. आग लागली तेव्हा जवळ कोण होते, दगड कोणत्या बाजूने आला, फुली हाताच्या टप्प्यात आहे की नाही, हे शांतपणे पाहायचे. पुन्हा पुन्हा हेच आढळे की हात माणसाचा आहे, घरातलाच आहे, आणि बहुधा त्या घरात ज्याचे कुणी ऐकत नाही त्याचा आहे. मनाविरुद्ध लग्न झालेली मुलगी, सासुरवासात पिचलेली सून, शाळा नकोशी झालेला मुलगा. कार्यकर्ते त्या व्यक्तीला चव्हाट्यावर आणत नसत, तिचा त्रास दूर करायला घरच्यांना सांगत. भानामती थांबे. माझ्या मते वेताळाची परंपरा पडद्यावर खंडित झाली आणि इथे, या ओसऱ्यांवर, चालू राहिली. भय समोर आहे. आता सांगा, दोष कुणाचा?

हाच प्रश्न किल्लारीने हजारपटीने मोठा करून विचारला.

१९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या परिसरात शंभरावर धक्के बसले होते. जमिनीच्या पोटातून गडगडाट येई, भांडी वाजत. माणसे काही दिवस अंगणात, रानात झोपली. मग थंडी पडली, धक्के विरळ झाले, लोक घरात परतले. दख्खनचे पठार म्हणजे अचल कातळ, असा शास्त्राचाही समज होता. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या. विसर्जन आटोपून, गुलाल धुऊन लोक झोपले ते गाढ झोपेत. पहाटे ३.५६ला जमीन हलली. तीव्रता ६.२च्या आसपास, पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. काही सेकंदांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे जमीनदोस्त झाली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. नांदेडपर्यंत माणसे अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. उजाडले तेव्हा पाऊस पडत होता आणि सरणाला कोरडे लाकूड मिळेना, म्हणून पडलेल्या घरांचेच तुळया-खांब ओढून काढले गेले.

त्या घरांकडे जरा जवळून पाहू. इकडे घर खणांत मोजतात. चार लाकडी खांबांमधली जागा तो एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती, ते माळवद. भोवती दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती. उन्हाळ्यात आत गारवा, चोराला दाद नाही, आणि भिंत जितकी जाड तितकी घराण्याची पत मोठी. पण त्या भिंती दगड आणि मातीच्या होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, दोन्ही बांधणारा लांब दगड क्वचितच. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला माळवदावर नवी माती पडे, जुनी काढली जात नसे. ओझे वाढतच जाई. हादऱ्याने भिंतींचे थर सुटले, दगड झोपलेल्यांवर आले, वरून माती. कितीतरी ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंतींनी माणसे मारली, असे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवले आहे. कोप नव्हता, शाप नव्हता. दगड, माती, वजन आणि नकाशावरचा चुकीचा रंग होता.

झी हॉरर शो त्या आठवड्यातही चालूच होता. त्यात कुणाचा दोष नाही. पण पडद्यावरचे भय ठरल्या वेळी येते आणि जाहिरातीला थांबते, खऱ्या भयाला ही शिस्त नसते, हे लातूरला वेगळे सांगावे लागले नाही. बातम्यांत दिसणारे ढिगारे पाहिल्यावर धुरातून चालत येणारा मुखवटा पाहून दचकायला माणसाकडे उरले तरी काय होते?

भय मात्र उरले. ते वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पक्की घरे मिळाल्यावरही माणसे बाहेर झोपत, घर नुसते सामानाला. नव्या हादऱ्याच्या अफवा उठत आणि रात्रीतून गाव रिकामे होई. जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे, काटकोनात आखलेले रुंद रस्ते. जीव वाचवणारी घरे होती ती, पण गल्ली मोडली, पार मोडला, सांजेला ओसरीवर बसून गोष्ट सांगायची जागाच नाहीशी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या भागातल्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. दचकून उठणे, झोप न लागणे, गेलेल्यांची हाक ऐकू येणे, याला “बाहेरचं” न म्हणता आजार म्हणून कागदावर घेण्याची सुरुवात झाली. २००२मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला. पहिला विभाग रद्दच झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात गेले.

भयमालिकांचे पीक पुढे जोमात आले. १९९५मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ आली. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका करणारे हेच सिंग. झीची मालिका पुढे ‘अनहोनी’ या नावानेही चालली. मराठीत अल्फा वाहिनीच्या काळात रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची ‘गहिरे पाणी’ आणि स्टार प्रवाहवर नारायण धारपांच्या कथांवरची ‘अनोळखी दिशा’ आली. मतकरींच्या कथेत प्रश्न परत आला, हे आवर्जून नोंदवायला हवे. त्यांचे भूत बहुतेक वेळा माणसाच्या लोभातून किंवा एकटेपणातून जन्मते. धारपांनी अंधारालाही तर्कशास्त्र दिले. पण या कथांची घरे मुंबई-पुण्याची, नाहीतर कोकणातली. माळवदाचे घर, काळी माती, उसाचा फड, “का बे, काय झालं” म्हणणारी आमची बोली यांना भयकथेत जागा मिळाली नाही. भानामती कधी आलीच, तर चेटकिणीच्या रंगात आली, म्हणजे देवऋषीच्या बाजूने.

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो असे सांगून त्याच्याविषयी भय पसरवणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. ‘दस्तक’ सुरू झाल्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती, किल्लारीलाही.

म्हणून दोन विनंत्या. मराठी वाहिन्यांवर किंवा मोबाइलच्या पडद्यासाठी भयकथा लिहिणाऱ्यांनी एक अख्खा हंगाम लातूर-नांदेडच्या बोलीत करावा. दर भागात एक घर घ्यावे, एक भय घ्यावे आणि शेवटी वेताळासारखा प्रश्न विचारावा. भूत दाखवायला हरकत नाही, फक्त हात कुणाचा होता हे लपवू नये. दुसरी विनंती वाचकांना. त्या बावन्न गावांत तुमचे कुणी असेल, तर १९९२चे ते गडगडाट, विसर्जनाची ती रात्र आणि शेडमधली वर्षे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा, आवाजात भरून ठेवा. तेव्हा जे पंचविशीत होते ते आता साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याशी आत्ताच बोलायला हवे.